डाव्या हाताची पत्रिका

आरंभीच क्षमा मागून घेते. पस्तीस वर्षे मी मुलींच्या महाविद्यालयात भूगोल शिकवला, आणि तोही हिंदीतून. नद्यांची वळणे आणि खडकांचे थर यांविषयी बोलताना मला कधी संकोच वाटला नाही. पण जिवंत माणसाविषयी, त्यातही शेजारच्या घरात आजही राहणाऱ्या माणसाविषयी लिहिण्याचा मला काय अधिकार, असे मी स्वतःला पुष्कळदा विचारले आणि दर वेळी कागद बाजूला ठेवला. माझे मराठी घरातले आणि पुस्तकांतले आहे. रस्त्यावरचे, बाजारातले मराठी आम्हा जबलपूरकरांच्या वाट्याला येतच नाही. त्यामुळे भाषेतही काही उणे राहील. तरी लिहिते आहे, कारण भाऊ उमरेडकरांच्या बाबतीत जे घडले त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही, आणि ते घडवणाऱ्यांत मी स्वतः होते.

जबलपुरातल्या चेरीताल वस्तीतली आमची आणि भाऊंची घरे एकाच भिंतीने जोडलेली आहेत. भाऊ संरक्षण खात्याच्या एका कारखान्यात पेंट शॉपमध्ये होते. गाड्यांवर क्रमांक आणि पेट्यांवर सूचना रंगवणे हे त्यांचे काम. पत्र्याचे कोरीव साचे होते, त्यांवर रंग फिरवला की अक्षर उमटे. पण महत्त्वाची गाडी असली की साहेब साचा बाजूला ठेवून भाऊंना बोलावत. "साच्याचं अक्षर तुटक असते मॅडम," ते मला म्हणाले होते, "मधी मधी हाडं मोडल्यासारखं."

निवृत्तीनंतर त्यांना काम उरले नाही, पण डोळे तेच राहिले. आमच्या इथल्याच गोरखपूर भागातल्या बाजारात त्यांच्यासोबत जाणे ही शिक्षा होती. प्रत्येक पाटीपुढे ते थांबत. एकदा एका मिठाईवाल्याच्या दुकानासमोर ते भर गर्दीत उभे राहिले आणि म्हणाले, "भैया, ये 'र' किसने लिखा है? बैठ गया है बेचारा. इसको उठाओ."

दुकानदार हसून म्हणाला, "तो आप ही उठा दो, दादा."

दुसऱ्या दिवशी भाऊ खरोखरच ब्रश आणि रंगाचा डबा घेऊन गेले आणि शिडीवर चढून त्यांनी तो 'र' उभा केला. त्यावर शकुनवहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, भिंतीवरून मला म्हणाल्या, "घरचा नळ चार महिन्यांपासून गळून राहिला, आणि हे गावाचा 'र' उठवून राहिले."

आमच्या इथल्या मराठी घरांत एक रीत आहे. ती इतरत्र आहे की नाही, मला ठाऊक नाही. लग्नाच्या छापील पत्रिकांतली पहिली पत्रिका आम्ही देवापुढे ठेवत नाही. देवाची पत्रिका हाताने लिहायची, कुंकवाने. जुनी माणसे सांगत की पूर्वी इथल्या छापखान्यांत 'ळ' हे अक्षरच नसे. त्यामुळे काळ्यांच्या घरची पत्रिका 'काले' होऊन येई. पाहुण्यांना ते चालून जाई, पण देवाला चुकीचे आमंत्रण कसे द्यायचे? म्हणून हाताने. पुढे अक्षर मिळाले, रीत राहिली, आणि गेली तीस-एक वर्षे ती पत्रिका लिहायला भाऊंनाच बोलावले जाऊ लागले.

त्यांचे लिहिणे पाहण्यासारखे असे. त्या दिवशी सकाळी ते चहा घेत नसत. "चहा प्याला की हात बोलते," असे म्हणत, म्हणजे कापतो. कुंकू तेलात कालवू देत नसत, कारण कागदावर डाग पसरतो. डिंकाच्या पाण्यात ते स्वतः घोटत. अक्षरे आधी लिहून होत, रेघेवाचून अधांतरी टांगलेली. मग श्वास रोखून, एका दमात, ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ. त्या क्षणी घरातल्या बायका हातातल्या बांगड्याही आवरून धरत. रेघ पूर्ण झाली की भाऊ श्वास सोडून म्हणत, "हं. आता चहा आणा." चहा आणण्याचा मान घरातल्या मुलींचा.

माझी मुलगी ऋचा आठ-नऊ वर्षांची असताना अशाच एका घरी त्यांच्या गुडघ्याला टेकून बसली होती. तिने विचारले, "भाऊ, माझी पण तुम्हीच लिहाल?"

"तुझी नाही लिहिणार तर कोणाची लिहीन?" भाऊ म्हणाले. "तू फक्त नवरा छोट्या नावाचा पाहजो. कागद लहान असते."

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या आदल्या दिवशी भाऊ आणि वहिनी बाजार करून स्कूटरवरून परत येत होते. पुलावर पतंगाचा मांजा रस्त्याला आडवा आला. तो नायलॉनचा, घातक मांजा. उन्हात दिसतसुद्धा नाही. मानेपाशी काहीतरी चमकले असे भाऊंना वाटले आणि त्यांनी उजवा हात वर केला. वहिनींनी नंतर मला जे सांगितले ते मी विसरू शकत नाही. "मला वाटलं, ओळखीचं कोणी दिसलं, त्याला हात दाखवून राहिले. मी पण हसून वळून पाहिलं, कोण आहे ते." त्या पुन्हा समोर वळल्या तेव्हा त्यांच्या स्वतःच्या चष्म्याच्या काचेवर रक्त होते.

मान वाचली. तळहात मात्र आडवा, खोलवर कापला गेला होता. दोन शस्त्रक्रिया झाल्या. तरी तीन बोटे वाकेनात, आणि अंगठ्याला ब्रश लागला की कागद लागला हे कळेना. मी भेटायला गेले. भाऊंनीच बोलायला सुरुवात केली. "मॅडम, मान गेली असती तर एका दिवसाचं काम होतं. हा हात आता रोज पाहावा लागते."

वहिनी म्हणाल्या, "काहीही बोलतात." आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका सकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला भाऊ त्यांच्या ओट्यावर मांडी घालून बसलेले दिसले. ओट्याची फरशी काळ्या कडप्प्याची आहे. शेजारी पाण्याचा तांब्या होता, आणि ब्रश डाव्या हातात. ते फरशीवर पाण्याने लिहीत होते. मी डोळे ताणून पाहिले. ते 'ग' होते, पण आरशातल्यासारखे उलटे. खालच्या वर्गातल्या मुलाने काढावे तसे, कापरे. बाजारातले बसलेले 'र' उठवणाऱ्या माणसाच्या हातून ते उतरले होते. मी खिडकीतून मागे सरले. एखाद्याला नको त्या अवस्थेत पाहावे तसे मला वाटले.

त्यांनी मात्र मला पाहिले होते. "डावा हात आरशात राहते मॅडम," ते भिंतीपलीकडून ओरडले. "त्याला बाहेर काढून राहिलो!"

त्यानंतर रोज सकाळी, ऊन ओट्यावर येईपर्यंत, हे चाले. तिसरे अक्षर होईपर्यंत पहिले वाळून गेलेले असे. कागदावर का लिहीत नाही, असे मी एकदा विचारले. "कागद चूक जपून ठेवते," ते म्हणाले. "दगड नाही ठेवत." लिहायला मजकूर मात्र त्यांच्याजवळ एकच होता, कारखान्यातला. 'ज्वलनशील' आणि 'दूर रहें' हे शब्द ते पुन्हा पुन्हा लिहीत. वहिनी वैतागत. "सकाळी उठून दारात 'दूर रहें' लिहून राहिले. कोण येईन आपल्या घरी?"

सगळे दिवस असे हसण्याचे नव्हते. एकदा ब्रश भिंतीवरून येऊन माझ्या अंगणातल्या बादलीत पडला. मी तो धुऊन भिंतीवरून पुढे केला. भाऊंनी डाव्या हाताने घेतला आणि खाली पाहत म्हणाले, "थँक यू. पळून गेला होता." डोळे लाल होते.

सर्वांत अवघड होती ती शिरोरेघ. उजवा हात रेघ डावीकडून उजवीकडे ओढत नेतो; डाव्या हाताला तीच रेघ लोटावी लागते, आणि लोटली की ती थरथरते. शिवाय लिहून झालेल्या ओल्या अक्षरांवरून हात जातो. पावसाळा संपत आला तरी रेघ जमेना. मग एके दिवशी भाऊंनी मला हाक मारून ओट्याशी बोलावले. अक्षरे लिहिलेली होती. त्यांनी ब्रश ओळीच्या शेवटच्या अक्षरावर टेकला आणि श्वास रोखून उजवीकडून डावीकडे ओढला. रेघ दोरी ताणल्यासारखी सरळ आली.

"काहून नाही सुचलं इतके दिवस?" ते स्वतःलाच विचारत होते. "याला लोटायचं नाही, ओढायचं. शेवटून सुरू करायचं. बस्स!"

दिवाळीनंतर लग्नसराई सुरू झाली आणि भाऊंना बोलावणी येऊ लागली. त्यांनी सगळीकडे आधीच सांगितले, "डाव्यानं लिहीन, चालन का?" प्रत्येक घराने म्हटले, "भाऊ, हे काय विचारणं झालं?" मला आमच्या लोकांचा अभिमान वाटला होता. एका लग्नात पंगतीत ते डाव्या हाताने चमच्याने जेवत होते. समोरचे नागपूरचे एक गृहस्थ न राहवून म्हणाले, "अहो, उजवा हात?"

"सुट्टीवर आहे," भाऊ म्हणाले. "डाव्याला चार्ज देऊन गेला." सगळी पंगत हसली. मीही हसले.

वैशाखात ऋचाचे लग्न ठरले. ती पुण्याला नोकरी करते, तिने तारीख कळवतानाच विचारले, "भाऊंना सांगितलंस ना?" त्यांना सांगायची गरज नव्हती. ते महिनाभर आधीपासून फरशीवर तिचे आणि तिच्या नवऱ्याचे नाव लिहीत होते. नाव छोटे नव्हतेच. त्याबद्दल तिला बोलणीही खावी लागली.

पत्रिका लिहायच्या दिवशी ऋचा त्यांच्या शेजारी तशीच टेकून बसली, लहानपणीसारखी. माझ्या मोठ्या नणंदबाई, माई, आदल्या दिवशीच नागपूरहून आल्या होत्या. भाऊंनी पाऊण तास घेतला. अक्षर पूर्वीइतके तेज नव्हते. थोडे रुंद होते, जपून पाऊल टाकणाऱ्या माणसासारखे. मग त्यांनी ओळीच्या शेवटाला ब्रश टेकला आणि रेघ मागे ओढत आणली. "हं," ते म्हणाले. ऋचाने फोटो काढला, त्यांना मिठी मारली, आणि फोन हातात घेऊन मैत्रिणींना पाठवू लागली. चहा मी आणला. का कोण जाणे, मला तो मुलीच्या हाती द्यावासा वाटला नाही.

भाऊ गेल्यावर माई स्वयंपाकघरात आल्या. त्या वाईट बाई नाहीत. माझ्या आजारपणात त्यांनी महिनाभर माझी वेणी घातलेली आहे. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "सुधा, माणूस सोन्यासारखा आहे. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही. पण कुंकू डाव्या हातानं? आणि रेघ उलटी, शेवटाकडून आरंभाकडे. पोरीच्या संसाराची पहिली ओळ आहे ती. उद्या काही कमीजास्त झालं तर तुझ्याच मनाला लागेल."

"मग आता काय करायचं?" मी विचारले. माझा हा प्रश्न म्हणजेच होकार होता, हे आम्हा दोघींनाही कळले.

"तुझं अक्षर चांगलं आहे," माई एवढेच म्हणाल्या.

भूकंपाची कारणे मी पस्तीस वर्षे मुलींना समजावून सांगितली. ग्रहणात बाहेर पडू नये असे म्हणणाऱ्या विद्यार्थिनीची मी भर वर्गात समजूत घातली आहे. दुपारी सगळे झोपल्यावर मी देवघराचे दार लोटून घेतले. भाऊंनी घोटलेले कुंकू वाटीत उरले होते. त्याच कुंकवात, त्यांच्याच ब्रशाने, मी दुसऱ्या कागदावर तोच मजकूर उजव्या हाताने लिहिला आणि रेघ डावीकडून उजवीकडे ओढली. माझी पत्रिका देवापुढे ठेवली आणि त्यांची कपाटात, साड्यांच्या खाली. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखे वाटले. हे वाक्य लिहिताना माझा स्वतःवर विश्वास बसत नाही, पण ते तसेच होते.

लग्नाच्या आदल्या दिवशी घरी ग्रहमख होता. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून आले आणि देवघरात नमस्काराला गेले. मी लाडवाचे ताट घेऊन मागोमाग गेले. ते वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले आणि म्हणाले, "रेघ छान आली, मॅडम. शेवटी जरा वर चढली. पहिल्यांदा लिहिणाऱ्याची चढतेच."

मी सांगू लागले. "भाऊ, मी…"

"घाबरू नका. सातवं घर आहे हे."

मला अर्थ कळला नाही. त्यांनी दाराकडे पाहिले, कोणी नाही अशी खात्री करून घेतली आणि आवाज खाली आणला. "दिवाळीपासून सात पत्रिका लिहिल्या. सातही घरी देवापुढे दुसऱ्याचं अक्षर. पहिल्या घरी मला वाटलं, माझ्या कागदावर पाणीबिणी सांडलं असन. दुसऱ्या घरी वाटलं, उंदरानं नेली असन. तिसऱ्या घरी मंग मी काही वाटूनच नाही घेतलं."

सात घरे. मी त्या सगळ्या घरांना ओळखते. त्यांत डॉक्टर आहेत, इंजिनीअर आहेत, माझ्या हाताखालून गेलेल्या दोन मुली आहेत. प्रत्येक घरात कोणीतरी देवघराचे दार लोटून घेतले होते, आणि प्रत्येकीला वाटले असणार की हे आपण एकटीनेच केले.

"तरी तुम्ही जाता?" मी विचारले. माझा आवाज नको इतका चढला होता. मी त्यांच्यावर का रागावले होते, देव जाणे. "माहीत असून जाता कशाला?"

"बोलावतात नं," भाऊ म्हणाले. "दारात येऊन, पाया पडून बोलावतात. ते खोटं नसते. पोरी बाजूला येऊन बसतात, ते पण खोटं नसते. पुढचं मी काहून पाहू?" मग किंचित हसले. "फक्त चहा आता घरधनीण स्वतः आणते. पहिले पोरी आणत. त्याच्यावरून मला समजूनच जाते."

मी ताट खाली ठेवले आणि कपाटाकडे वळले. त्यांची पत्रिका काढून आणावी, आत्ताच्या आत्ता बदलावी, असे मनात होते. त्यांनी डावा हात आडवा धरला. "राहू द्या. अक्षता पडल्या त्या कागदावर. आणि ऋचीला सांगू नका. तिनं फोटो साऱ्या दोस्तांना पाठवला आहे. त्यातली माझीच आहे."

मग त्यांनी ताटातला लाडू उचलला आणि बाहेर जाऊन मांडवात बसले. माईंनी त्यांना सरबत दिले. "या भाऊ," माई अगदी प्रेमाने म्हणाल्या, "तुमच्याशिवाय आमच्या घरचं कार्य व्हायचंच नाही." आणि त्यांना ते मनापासून वाटत होते.

ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. यांनाही नाही, ऋचालाही नाही. साड्यांखालची पत्रिका मी अधूनमधून काढून पाहते. आता मला ती माझ्या अक्षरापेक्षा चांगली दिसते, पण या मताला आता काय किंमत?

गेल्या आठवड्यात सकाळी इथल्याच महाराजपूर भागातून एका बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाचे लग्न आहे. ओळख जुजबी. "मॅडम, आज भाऊ येऊन राहिले आमच्याकडे, देवाची पत्रिका लिहायला. माझ्या सासूबाई म्हणतात, त्यांना लिहू दे, मान राख, पण ठेवायची वेगळी. मला काही समजून नाही राहिलं. तुम्ही शिकलेल्या आहात, म्हणून विचारते. तुमच्याकडे देवापुढे त्यांचीच ठेवली होती नं?"

मी आयुष्यभर प्रत्येक प्रश्नाला 'विचार करून सांगते' असे उत्तर देत आले. या वेळी विचार झालाच नाही. "हो," मी म्हणाले. "त्यांचीच ठेवली. आणि ऋचा अगदी सुखात आहे."

"अच्छा," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम हलका झाला. "चलो, मग आम्ही पण त्यांचीच ठेवतो. तुम्ही ठेवली म्हणजे काही हरकत नाही." त्यांनी माझे आभार मानले. माझ्या धैर्याचेही कौतुक केले.

फोन ठेवून मी खिडकीशी आले तेव्हा भाऊ दारापुढच्या ई-रिक्षात बसत होते. उजवा हात सदऱ्याच्या खिशात, डाव्यात ब्रशाची पिशवी. वहिनी दारातून म्हणत होत्या, "जेवूनच या, पण लौकर या." रिक्षावाल्याने काहीतरी विचारले. भाऊ म्हणाले, "महाराजपुर. ज़रा गड्ढे बचाके चलना भैया, आज लिखना है." रिक्षा वळणावर जाईपर्यंत त्यांची ताठ पाठ मला दिसत होती.

त्या घरी देवापुढे कोणती पत्रिका राहिली, ते मी अजून विचारलेले नाही. पण त्या बाईंनी तुम्हाला फोन केला असता, तर तुम्ही काय सांगितले असते?